सदतीस नंबरचा मेंदू

सकाळी साडेदहाला स्क्रिप्ट थांबली. अनुजाने चहाचा पहिला घोट घेतला होता. बाकीचा कप टेबलावरच गार झाला.

पडद्यावर एक ओळ होती. सदतीस आणि एकसष्ट, एकच मेंदू.

परळच्या त्या संशोधन केंद्रात दोनशे निवृत्त गिरणी कामगारांचे एमआरआय झाले होते. म्हातारपणी स्मरणशक्ती का जाते, याचा अभ्यास. दोनशे स्कॅन हाताने तयार करायचे म्हणजे जन्म जायचा, म्हणून अनुजाने स्क्रिप्ट लिहिली. ती रांगेने एकेक स्कॅन घ्यायची, नाव काढून रजिस्टरमधला नंबर घालायची, चेहरा पुसायची, कवटी बाजूला करायची, डोकं किती हललं ते मोजायची. सगळ्यात शेवटी एकच माणूस दोनदा तर आला नाही ना, हे ताडून बघायची.

सदतीस नंबर तिचे बाबा होते. धोंडू राणे. तिनेच हात धुऊन मागे लागून त्यांचं नाव घातलं होतं. रिपोर्ट आला, 'वयाच्या मानाने उत्तम'. पुढे त्यांचं डोकं दुखायचं तेव्हा ती म्हणायची, "काही नाही हो बाबा, रिपोर्ट बघितलात ना?" तीन महिन्यांपूर्वी मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली आणि ते गेले. डॉक्टर म्हणाले, आधी स्कॅन केला असता तर दिसली असती.

ती रडली नाही. तेराव्याला पंगत वाढली, चौदाव्या दिवशी कामावर आली. फोनमध्ये सदतीस नंबरच्या मेंदूचं एक चित्र ठेवलं होतं, ते तेवढं अधूनमधून काढून बघायची.

नावांना नंबर घालणारी स्क्रिप्ट तिची. तिथे गफलत झाली असेल, तर बाबांचा खरा स्कॅन भलत्याच्या नावावर गेला आणि त्याचा उत्तम रिपोर्ट बाबांच्या हातात पडला. म्हणजे बाबा तिच्यामुळे गेले. हे तिला स्वच्छ कळलं आणि तरी आत काही हललं नाही. तिला भीती वाटली ती त्याचीच.

विभागप्रमुख डॉ. कालिंदी जयकर येऊन पडद्यापाशी उभ्या राहिल्या.

"एकच फाइल दोनदा कॉपी झाली असेल गं."

"नाही मॅडम. मशिन स्वतःची वेळ लिहितं. दोन्हींत नऊ दिवसांचं अंतर आहे. एकच माणूस दोनदा आत गेलाय."

कालिंदीबाईंनी कपाटातून नावांचं रजिस्टर काढलं. सदतीस, धोंडू राणे, मंगळवार, अकरा वाजता. मशिनवरची वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. त्या एका ओळीने स्क्रिप्ट दोषातून सुटली. नंबर बरोबर होता, दोनांपैकी एका वेळी माणूस चुकला होता.

"आणि एकसष्ट?"

"लवू परब. घोडपदेव."

लवूकाका. गिरणीत बाबांच्या शेजारच्या मागावरचे. त्या मंगळवारी बाबांना सोबत म्हणून आलेले. स्कॅन झाल्यावर दोघं चार मजले चढून तिला भेटायला आले होते. "लिफ्ट आहे की," ती म्हणाली होती. "व्यायाम होतो," बाबा म्हणाले होते.

"मग दोन्ही वेळा तुझे बाबाच गेले असतील," कालिंदीबाई म्हणाल्या.

अनुजाने डोक्याच्या हालचालीचा तक्ता उघडून दोन्ही नंबरांचे आकडे पाहिले. मग ती खाली मशिनवाल्या सुशांतकडे गेली.

"सदतीस नंबर आठवतो?"

"दिवसाला आठ म्हातारे असतात, मॅडम. सगळ्यांना हिरवा गाउन, तोंडाला मास्क. मी चिठ्ठीवरचा नंबर बघतो, तोंड नाही."

"ओळखपत्र कोण बघतं?"

"बाहेर, नोंदणीवर. मग ते कपडे बदलायला जातात."

"सोबतचा माणूस आत जातो?"

"जातो ना. म्हाताऱ्यांना नाड्या बांधता येत नाहीत."

दुपारी ती घोडपदेवच्या चाळीत पोचली. लवूकाका दारातच लसूण सोलत बसले होते.

"ये गो बाय, बस."

ती उंबऱ्यावर बसली. "काका, बाबांची मान हलायची. वर्षभर. बशीतला चहा सांडायचा. आमची स्क्रिप्ट डोक्याची हालचाल मोजते. दोनशे माणसांत सदतीस नंबर सगळ्यात कमी हललाय. त्याच्या खालोखाल एकसष्ट. तेव्हा आत गेलेले बाबा नव्हेत. एकसष्ट तुम्ही आहात, म्हणजे सदतीसही तुम्हीच. बाबांनी बाहेर ओळखपत्र दाखवलं, सही केली. कपडे बदलायच्या खोलीत चिठ्ठी तुमच्या हातात दिली."

लवूकाकांनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

"मिलमध्ये तो नसला की मी त्याच्या मागावर उभा राहायचो. मी नसलो की तो. जॉबर, आमचा मुकादम, कापड बघायचा, तोंड नाही. बदली, गो. त्यात कधी कुणाचं वाईट झालं नाही."

"पण का?"

"मालाच्या लिफ्टमध्ये तीन तास अडकलेला तो, तरणा असताना. तेव्हापासून बंद जागा म्हटली की घाम फुटायचा. चार मजले चढेल, पण लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. तू रोज मागे लागलेलीस. तो म्हणाला, पोरीचं समाधान होऊ दे, तू झोप आत." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझ्यामुळे गेला का गो तो?"

सकाळपासून ती हेच स्वतःला विचारत होती. तिने फोन काढून ते चित्र त्यांच्यापुढे धरलं.

"हा तुमचा मेंदू, काका. तीन महिने मी बाबांचा म्हणून बघत होते."

त्यांनी फोन दोन्ही हातांत घेतला. "बरा आहे?"

"वयाच्या मानाने उत्तम."

म्हातारा हमसून रडायला लागला. अनुजा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तिला रडू येईना.

संध्याकाळी ती केंद्रात परतली. तळमजल्यावर लिफ्ट उघडी उभी होती. ती जिन्याने चढली. बाबांचं चित्र आता कुठेच नव्हतं, कधी काढलंच गेलं नव्हतं.

वगळायच्या यादीत तिने दोन्ही नंबर घातले. एकसष्टपुढे लिहिलं, 'दोनदा आले'. सदतीसपुढे कारणाचा रकाना रिकामा होता. तिने टाइप केलं, 'हजर नव्हते', आणि पुढचं बटण दाबायच्या आधीच तिला रडू फुटलं.