डावखुरा गिरणीवाला

"तो दगड खाली ठेवा," झेली ओरडली. शिपायाने ऐकलं नाही. ईस्टरची सुट्टी नुकती लागली होती, आणि फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या पेराशों छापखान्यात तिच्या डोळ्यांदेखत बाबांचा छपाईचा दगड फरशीवर पडून दुभंगला. त्यावर बाबांनी खपून चित्र काढलं होतं: शहरभर ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या गाण्यातला, लोकांचं पीठ स्वतःच खाणारा लठ्ठ गिरणीवाला.

"प्रांताधिकाऱ्यांची टिंगल करता?" पोलीस कमिशनरने एक छापील चित्र नाचवलं. त्यातल्या गिरणीवाल्याच्या छातीवर प्रांताधिकाऱ्यांचं पदक होतं, गालांवर त्यांचेच कल्ले. खाली नाव पेराशों.

"हे पदक मी काढलेलं नाही," बाबा म्हणाले.

"चित्र तेच, गाणं तेच, नाव तुमचं. चला."

बाबांना घेऊन गेले. घाईत कमिशनर ते चित्र टेबलावरच विसरला. झेली ते फाडणार, तोच तिचा आतेभाऊ आंतेल्म म्हणाला, "थांब गं. हा डाव्या हाताने खातोय."

झेलीने वर पाहिलं. दोरीवर वाळत घातलेल्या बाबांच्या चित्रात गिरणीवाला उजव्या हाताने खात होता. कमिशनरच्या चित्रात सारंच डावखुरं, कोपऱ्यात फिडल वाजवणारा माणूससुद्धा.

तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "दगडावर उलटं काढलं, की कागदावर सुलटं उमटतं. कुणीतरी बाबांचं छापील चित्र जसंच्या तसं दगडावर उतरवलंय. म्हणून सगळं उलटं आलं."

"मग नाव कसं सुलटं?"

"तेवढी काळजी बरोबर घेतली मेल्याने."

दोघं तडक नदीवरच्या पुलाकडे निघाले. तिथे गाणी गाऊन चित्रं विकणारी क्लोदीनबाई पदकवाल्याच चित्रांची चळत घेऊन उभी होती. "गोनेच्या छापखान्यातली," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या बापाने त्याच्याकडे छापायला दिली."

आंतेल्म गोनेकडे गेला. चेहरा अगदी भोळा. "क्लोदीनबाईंना आणखी हवीत. पुलावर झुंबड उडालीय."

गोने खूश झाला. त्याने ताजा गठ्ठाच आंतेल्मच्या हातात दिला. शाई अजून ओली होती.

कमिशनरच्या टेबलावर झेलीने बाबांचं आणि गोनेचं, अशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी आपटली. "साहेब, एकदा तरी नीट बघायचं होतं. ही पदकवाली ओली चित्रं गोनेकडून आत्ता आणलीत. माझे बाबा तर तुमच्या कोठडीत आहेत. मग ही छापली कुणी?"

कमिशनरने चित्रं पाहिली, बोटाला लागलेली शाई पाहिली, आणि गोनेकडे शिपाई धाडले. त्याच्या छापखान्यात तो दगड सापडला. संध्याकाळच्या आत बाबा सुटले.

"मुलगी हुशार आहे हो तुमची," कमिशनर हसत म्हणाला.

"आमचा दगड फोडलात त्याचं काय?" झेलीने विचारलं. त्यावर त्याने दाराकडे बोट दाखवलं.

घरी येताना बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यापेक्षा तुझं डोकं तेज चालतं, पोरी. त्या गोनेचा राग येतोय?"

"त्याने चित्र काढलं म्हणून नाही. धाडस त्याचं आणि नाव तुमचं, याचा येतोय," ती म्हणाली. "आणि न बघता फोडणाऱ्यांचा त्याहून जास्त. बाबा, मला एक दगड द्या."

बाबांनी लहानसा दगड काढून दिला. झेलीने कमिशनर काढला: दोन चित्रं हातात, डोळ्यांवर पट्टी.

"खाली नाव कुणाचं घालायचं?" आंतेल्मने घाबरत विचारलं.

"माझं," झेली म्हणाली, आणि एकेक अक्षर उलटं लिहू लागली.