दुप्पट भाराची झोळी

"बघून चाला की! डोळे काय दफ्तरात जमा करून आलात?"

लकडी पुलाजवळ, मुठेच्या काठावर वाळत घातलेल्या जाळ्यात सोनबा जासुदाचा पाय अडकला, तेव्हा तुळजानं त्याला असं सुनावलं. भोई आळीत तिच्यासारखं जाळं कुणी विणत नव्हतं आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सोनबानं पाय ओढला, हिसके दिले... एक गाठ सैल होईल तर शपथ!

"असंच एक मला निजायला विणून दे," तो म्हणाला.

"निजायला? तुमी काय मासा हाय?"

तो हसला नाही. ऐन श्रावणात ताम्हिणीच्या रानातून कोकणात खलिता पोचवायचा होता, आणि त्याची ही पहिलीच खेप. आधीचा जासूद वाटेत जमिनीवर निजला, त्याला पान लागलं, म्हणजे साप डसला, तो परत आलाच नाही. म्हणून सोनबानं ठरवलं होतं, दोन झाडांमध्ये झोळी टांगून अधांतरी निजायचं.

आठ दिवस तुळजा अंबाडीची दोरी वळत होती, विणत होती. सोनबा रोज 'काम कुठवर आलं' म्हणून यायचा आणि काम सोडून तिच्याकडेच बघत बसायचा. तिला ते कळत होतं... आवडतही होतं. प्रत्येक गाठीवर एका माणसाचा जीव टांगणार होता, आणि तो माणूस तिला हवा होता.

निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, काठावरच्या दोन आंब्यांना झोळी बांधली. सोनबा ऐटीत आडवा झाला — आणि झोळीचे दोन्ही काठ सर्रकन मिटले! बाहेर राहिलं ते फक्त मुंडाशाचं टोक.

धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तुळजाचा चेहरा उतरला. ओझं पडलं की तोंड आवळणारी दोरी तिनं सवयीनं काठात ओवली होती. मासा निसटू नये म्हणून!

"धरलंस की गं मला," आतून आवाज आला.

"गप बसा! माझं जाळं आजवर माघारी आलेलं न्हाई." डोळ्यांत पाणी होतं, तरी तिनं विळ्यानं ती दोरी सपकन कापली. दोन्ही टोकांना वेताच्या काठ्या घालून तिनं काठ ताठ बांधले.

"झालं ना? आता निजून बघतो."

"थांबा. आमच्यात दुप्पट भार घातल्याबिगर जाळं हातात देत न्हाईत."

"मग धोंडे आणू?"

तुळजानं एकदा घाटावरच्या बायकांकडे पाहिलं, पदर खोचला आणि स्वतःच झोळीत बसली. शेजारी हातानं थाप मारली.

"धोंडे कशाला?"

"अगं... सगळ्या बघतायत —"

"बघू देत. माझं काम हाय. मान वर करून बसंन मी त्यात."

तो बसला. झोळी कुरकुरली, वीतभर खाली आली... आणि थांबली. एकही गाठ सरकली नाही. बारीक सर आली, खांद्याला खांदा लागला, आणि दोघांपैकी कुणीच उठेना.

"तुळजा... मी परत आलो तर —"

"तर कसलं? येणारच तुमी. झोळी मी विणलीय!" मग आवाज जरा खाली आला. "आन् आलात की सरळ माझ्या बाबांपुढं उभं ऱ्हा. झोळीबी संगं आणा. दोघांच्या मापाची हाय ती."

घाटावरचं हसू केव्हाच थांबलं होतं. तुळजानं मान काही खाली घातली नाही.