धारेवरची बदली

मी सुरतमध्ये एका दैनिकात बातमीदार आहे. सोळा वर्षं झाली. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ छापायची नाही, एवढंच मला येतं.

या घटनेची खात्री देणारा दुसरा माणूस माझ्याकडे नाही.

तरीही लिहितो आहे, कारण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

रविवार, ८ ऑक्टोबर २०२३. डिंडोलीतलं आमचं घर. दुपारचे सव्वाबारा.

माझा धाकटा भाऊ लोकेश तेव्हा एका बेटावर होता. हिंदी महासागरातलं बेट, तिथली कापड गिरणी, दोन वर्षांचा करार. नावं देत नाही. आमच्याकडची माणसं अजून तिथं कामाला आहेत. सुरतहून तेव्हा दोघंच गेले होते, लोकेश आणि उधन्याचा प्रदीप.

त्या बेटाच्या मधोमध एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर जायची वाट धारेवरून जाते. सुरीच्या पात्यासारखी धार. वाट जेमतेम दीड फूट. उजवीकडे झाडीचा उतार, आणि डावीकडे काहीच नाही. सरळ खाली.

सुट्टीचा दिवस म्हणून दोघं चढले होते. लोकेशनं अर्ध्या धारेवरून व्हिडिओ कॉल केला.

आई शेवभाजी टाकत होती. तिनं पदराला हात पुसले आणि फोनमध्ये डोकावली. आम्ही घरात अहिराणी बोलतो. इथं आमचं बोलणं मराठीत लिहितो, दोघांचं देवीच्या गडाबद्दलचं हे एवढं तसंच ठेवतो.

"गडवर चढाले सांगं तवय तुना पाय दुखेत. आनि आते तठे डोंगर चढी ऱ्हायना का रे?"

"गडवर आते ट्रॉली व्हयी गई ना माय. कोन चढस!"

आई हसली आणि चुलीकडे वळली.

लोकेशनं कॅमेरा पुढं फिरवला. आता मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, तो जे पाहत होता ते दिसत होतं. वाट. गुडघाभर गवत. दहा पावलांवर लाल टोपीतला प्रदीप. त्याच्या पुढं ढग.

"चल ने यार, जल्दी," प्रदीप ओरडला. "तेरा भाई क्या टिकट कटाके आनेवाला है?"

लोकेशच्या मागं कोणी नव्हतं. कॉल लागताच त्यानं मला मागची वाट दाखवली होती. रिकामी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी.

लोकेश सतराव्या वर्षापासून लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात आहे. तिथं शेकडो यंत्रं एकदम चालतात. शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. म्हणून सुरतच्या कारीगरांच्या खुणा ठरलेल्या असतात. कुणाला घोटभर पाणी प्यायचं असेल तर बदली येतो. तो मागून उजव्या खांद्यावर दोनदा थाप मारतो. कारीगर मागं वळत नाही, कारण नजर धाग्यावर असते. तो नुसता डावीकडे एक पाऊल सरकतो आणि बदली त्याच्या जागी उभा राहतो.

विचार करायचा नसतो. पाय आपोआप सरकतो.

त्या बेटावर ही खूण माहीत असलेली माणसं दोनच होती. एक प्रदीप, तो पुढं होता. दुसरा लोकेश.

ढग धारेवर आला. लाल टोपी पुसट झाली.

मग वारा थांबला.

इतका वेळ फोनमध्ये वाऱ्याचा नुसता फडफडाट होता. तो एकदम बंद पडला. प्रदीपचं बोलणंही. मला वाटलं रेंज गेली. पण चित्र हलत होतं, आणि लोकेशची पावलं ऐकू येत होती.

खस... खस... खस...

मग ती दुप्पट झाली.

"लोकेश, मागं कोण आहे?"

"कोणी नाही."

आणि तेव्हाच मला तो आवाज आला. कापडावर हात पडल्याचा.

थप्... थप्.

"हां," लोकेश म्हणाला. सवयीनं.

चित्र डावीकडे सरकलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. चुलीपाशी आईच्या हातातून उलथनं पडलं.

मी चित्र खाली कोसळायची वाट पाहत होतो. हात लांब करून त्याला धरता येणार नव्हतं. मी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, एवढंच.

चित्र कोसळलं नाही.

ते स्थिर राहिलं. वाट आता चित्रात किंचित उजवीकडे दिसत होती, बाजूला उभं राहून पाहावी तशी. आणि त्या वाटेवर उजव्या कडेनं एक माणूस आला. पाठमोरा. निळा शर्ट. खांद्याला पिवळी पिशवी.

ती पिशवी आईनं लोकेशसाठी सोफ्याच्या उरलेल्या कापडाची शिवली होती. तसली दुसरी कुठंही नाही.

तो माणूस प्रदीपच्या मागं चालू लागला.

"भाऊ..." लोकेशचा आवाज अगदी जवळून आला. "हा कोण?"

"लोकेश, तू कशावर उभा आहेस?"



"खाली बघू का?"

"नको!" मी म्हणालो. "अजिबात हलू नकोस. आहेस तिथंच उभा राहा. मी सांगेपर्यंत हलू नकोस."

"बरं."

कॉल तुटला. बारा सत्तेचाळीस.

मी त्याला एकतीस वेळा फोन लावला. प्रदीपला लावला. गिरणीच्या ऑफिसात रविवारची घंटी वाजत राहिली. आई विचारत होती, मी तिला रेंज गेली म्हणून सांगितलं. ती ताट वाढून बसून राहिली. मीही. अपघाताच्या बातमीसाठी कुणाला फोन करायचा हे मला पाठ आहे. त्या दिवशी करायला एकही फोन उरला नव्हता.

चार दहाला प्रदीपचा फोन आला.

"हां भाई, उतर गये. तेरे भाईने फोन गिरा दिया ऊपर."

"लोकेश कुठंय?"

"ये क्या, मेरे बाजू में खडा है."

"भाऊ, मी ठीक आहे," लोकेश म्हणाला.

"तू बाजूला सरकला होतास ना?"

"नाही तर. मी तर प्रदीपच्या मागंच होतो."

प्रदीपही तेच सांगतो. त्यानं तीन-चार वेळा वळून पाहिलं, लोकेश दर वेळी मागंच होता. त्यानं खालून काढलेला डोंगराचा फोटो माझ्याकडे आहे. वाटेच्या डावीकडे पाऊल टेकेल एवढासुद्धा दगड नाही.

मी चौकशी केली. त्या गिरणीत या दोघांच्या आधी सुरतचं कोणी कामाला नव्हतं. डोंगरावर कोणी सुरतकर मेल्याची नोंद नाही. फोन सापडला नाही.

करार संपवून लोकेश गेल्या वर्षी घरी आला. पुन्हा खात्यात लागला. त्याला सगळं आठवतं. शाळेतल्या बाईंचं नाव, वडिलांच्या सायकलचा रंग. शेवभाजी पूर्वीसारखीच दोनदा मागून घेतो. आई म्हणते, जरा बारीक व्हयना, दुसरं काय.

खोट काढावी असं त्याच्यात काही नाही.

या फेब्रुवारीत मी त्याला डबा द्यायला खात्यात गेलो. तो पाठमोरा यंत्रावर उभा होता. मी मागून गेलो आणि त्याच्या उजव्या खांद्यावर दोनदा थाप मारली.

तो सरकला नाही.

त्यानं सावकाश मान वळवली. त्या गोंगाटात आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्याचे ओठ मला स्पष्ट कळले.

"मला बदली नको, भाऊ."

मी डबा ठेवून बाहेर आलो.

आईला काही सांगितलेलं नाही. काय सांगू? मुलगा डोळ्यांसमोर जेवतोय आणि मी म्हणतोय, तो आला नाही?

बदलीला जागा दिलेला कारीगर कुठं जात नाही. जागा परत मिळेपर्यंत बाजूला उभा राहतो. लोकेश लहानपणापासून माझं ऐकत आला आहे. वडील गेल्यावर तर माझंच.

मी सांगेपर्यंत हलू नकोस, असं मी त्याला म्हणालो होतो.

तो 'बरं' म्हणाला होता.