सोळा काळ्या सोंगट्या

रफूकाका त्या दिवशी पलंगाखाली वाकले ते जुनं सुती कापड शोधायला. काकूंच्या पाठीखाली घालायला काहीतरी मऊ हवं होतं, आणि घरातली मऊ म्हणावी अशी सगळी कापडं धुऊन दोरीवर पडलेली. ट्रंक ओढली, झाकण उघडलं, आत हात घातला. कापड काही मिळालं नाही. तळाशी लागला तो लाकडी पट आणि सोंगट्यांची पिशवी.

रफूकाका म्हणजे रफूचं काम करणारे काका, दुसरं काय! कोटाला पडलेलं भोक असं बुजवायचे की खुद्द मालकालाही नंतर सापडू नये. माणूस सरळ, हात देवासारखा, तोंड मात्र कुरकुरं. चहा गार झाला तरी कुरकुर, गरम असला तरी कुरकुर. काकू हसून म्हणायच्या, "अहो, तुमच्या तोंडालाच एकदा रफू करायला हवं." सात महिन्यांपूर्वी एका सकाळी काकू चहाचा कप हातात असतानाच कोसळल्या आणि कुरकुर करायला कारणच उरलं नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण त्या डोळ्यांतून कोणी बघतंय असं काकांना वाटायचं नाही.

पट त्यांच्या लहानपणचा. त्या खेळाला ते वेढा म्हणायचे. मधोमध एक उंच पांढरा किल्लेदार, त्याच्याभोवती आठ पांढरे शिपाई, आणि पटाच्या चारी कडांना सोळा काळ्या सोंगट्या. पांढऱ्यानं किल्लेदाराला कुठल्याही कोपऱ्यातून बाहेर काढायचं, काळ्यानं त्याला चारी बाजूंनी घेरायचं. बस्स, एवढंच. दहा वर्षांचे असताना काकांना कावीळ झाली, शाळा सुटली, कोणी खेळायला येईना. तेव्हा ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायला शिकले. पांढऱ्याची चाल उशाशी बसून, काळ्याची पायथ्याशी बसून. त्यात एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता: जागा बदलली की डोकंही बदलायचं. तिकडे बसून काय बेत केला ते इकडे आठवायचं नाही. समोरच्याची चाल त्याच्या बाजूनं, अगदी प्रामाणिकपणे खेळायची. लबाडी केली तर मग एकट्यानं खेळण्यात मजा ती काय राहिली?

त्या दुपारी चार वाजता त्यांनी बाहेरच्या खोलीत रफूचं टेबल मोकळं केलं आणि पट मांडला. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. म्हटलं, बघू तरी, येतंय का अजून. आणि काय सांगू, दीड तास कुठे गेला त्यांना कळलंच नाही! उठायचं, टेबलाला वळसा घालायचा, बसायचं, कपाळाला आठ्या घालून स्वतःच्याच चालीवर "अरे लेका, हे बघितलंच नव्हतं की मी" असं म्हणायचं. औषधाच्या वेळा, चादरी, डॉक्टरांचे पडलेले चेहरे, सगळं त्या दीड तासात विरून गेलं. पांढरा जिंकला तेव्हा म्हातारा चक्क टाळी वाजवून हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. मग हसल्याची लाज वाटली, म्हणून उठून आत गेले आणि काकूंना पाणी पाजायला बसले. चमचा ओठांना लावला आणि काकूंनी घोट गटकन गिळला. एरवी अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळायचं.

दुसऱ्या दिवशी काळा जिंकला. काकू लाकडासारख्या पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पांढरा. चौथ्या दिवशी व्यायाम करून घेणारी बाई आली आणि थक्क झाली. "काका, काल काय केलंत तुम्ही? बोटं हलतायत की यांची!"

काकांनी मनातल्या मनात एकेक दिवस आठवून पाहिला. मग पुढचे चार दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं. शंकाच नको. किल्लेदार सुटला की काकूंमध्ये जीव येत होता. किल्लेदार कोंडला की काकू पुन्हा आत कुठेतरी बुडत होत्या.

योगायोग म्हणून त्यांनी ते सोडूनही दिलं असतं, पण त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. परगावी असते, एकुलती एक. रडतच बोलत होती. "बाबा, मी जागा बघितली आहे. चोवीस तास नर्स असते. पुढच्या रविवारी अँब्युलन्स घेऊन येते. आईला मी नेणार आहे."

"नेणार म्हणजे? माझं घर सोडून?"

"तुमचं काय झालंय ते आरशात बघा जरा! तुम्हीही जाल अशानं. दोघांना नाही हो गमवायचं मला..."

"ती बरी होतेय. बोटं हलतात."

"बोटं!" लेकीनं नाक ओढलं. "बाबा, तिनं मला एक हाक मारू दे. एक शब्द बोलू दे. मी गाडी दारातून परत पाठवीन. शब्द देते तुम्हाला."

रविवारला सात दिवस होते. काका फोन ठेवून कितीतरी वेळ काकूंच्या पायाशी बसून राहिले. ही गेली की घरात आपण कोणासाठी श्वास घ्यायचा, हे त्यांना खरंच सुचत नव्हतं. उठले तेव्हा त्यांचं ठरलं होतं. जन्मात पहिल्यांदा ते लबाडी करणार होते.

सोमवारी काळ्याच्या खुर्चीत बसून त्यांनी मुद्दाम वाईट चाली केल्या. सोंगटी अडवायला हवी तिथे बाजूला सारली. पांढरा हसत हसत जिंकला. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. बुधवारी काकूंची नजर त्यांच्या मागोमाग खोलीभर फिरली. काकांनी देवाचे, डॉक्टरांचे, पटाचे, सगळ्यांचे आभार मानले.

व्यायामवाली बाई मात्र गुरुवारी थोडी गप्पच होती. निघताना चप्पल घालत म्हणाली, "काका, गंमत बघा. गेलेली बाजू आधी हलतेय. चांगली बाजू उलट ढिली पडत चाललीय. असं मी नव्हतं पाहिलं कधी."

"हलतेय ना? मग झालं तर!"

"झालं, झालं... पण मघाशी त्यांनी माझा हात धरला, तो सोडवताना जोर लावावा लागला हो मला."

काकांनी दार लावून घेतलं. काकू हल्ली पेज घशाखाली अशा उतरवायच्या की चमचा दातांत अडकून राहायचा. तोंडाची उजवी बाजू हसायची, डावी तशीच. हे सगळं काकांना दिसत होतं. दिसत होतं, पण बघायचं कोणाला होतं? बुडणारा माणूस हाताला लागलेल्या फळीचा रंग विचारत नाही.

आणि इकडे खेळ जड होऊ लागला. शुक्रवारी पहिल्या चालीनंतर ते वळसा घालून काळ्याच्या खुर्चीत बसले तर बैठक उबदार लागली. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. त्या दिवशी तिथे अजून कोणी बसलं नव्हतं, कारण बसणारे तेवढे तेच. त्यांनी सोंगटी बाजूला सारण्यासाठी हात पुढे केला, तर मनगटावर काहीतरी टेकलं. हलकंसं. दिसत काहीच नव्हतं. काका घाबरले, पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. हाच तो आजार, त्यांना वाटलं. हाच माझ्या बायकोला घेरून बसलाय. त्यांनी हात झटकला आणि सोंगटी सारली.

शनिवारी चारला पट मांडला तेव्हा खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत होतं. काकांनी पांढऱ्याची पहिली चाल केली आणि टेबलाला वळसा घालायला उठले. पोचेपर्यंत काळ्याची चाल झालेली होती.

टेबल धरून ते आपल्या खुर्चीत परत बसले.

"कोण... कोण आहे?"

समोरच्या खुर्चीची वेताची बैठक किंचित करकरली.

मग ते खेळले. दुसरं करणार तरी काय? पांढऱ्याची चाल ते करत, पापणी लवली की काळी सोंगटी हललेली असे. आणि समोरचा काय खेळत होता म्हणता! घाईत, जिवाच्या आकांतानं, पण एकही चाल वाया नाही. पाचला दहा मिनिटं असताना किल्लेदार तीन बाजूंनी घेरला गेला होता. चौथी बाजू झाकायला एक काळी सोंगटी हवी होती, आणि ती एक घर अलीकडे येऊन उभी होती. पुढच्या चालीला सगळं संपणार. उद्या रविवार.

"सोड तिला," काका म्हणाले. "पाया पडतो तुझ्या. तुला काय हवंय ते माझ्यातलं घे. तिला सोड..."

आणि त्यांनी समोर वाकून ती काळी सोंगटीच पकडली.

लगेच त्यांचं मनगट धरलं गेलं. दोन्ही हातांनी. पाच आणि पाच बोटं त्यांना वेगवेगळी जाणवली, लहान, गार, थरथरणारी. ती ओढत होती ते इजा करायला नव्हे. रस्ता ओलांडताना गाडी अंगावर येतेय असं दिसल्यावर आपलं माणूस आपल्याला मागे खेचतं, तशी ती ओढ होती. काकांना ते कळलं, अगदी स्पष्ट कळलं. तरी त्यांनी सगळा जोर लावून हात सोडवला, सोंगटी पटावरून उचलली आणि उघड्या खिडकीतून खाली भिरकावून दिली.

किल्लेदार कोपऱ्यात नेऊन ठेवला.

आतल्या खोलीत पलंग वाजला. "पाणी," काकूंचा आवाज म्हणाला.

रविवारी लेक आली. दारातच रडवेली होऊन उभी, मागे स्ट्रेचर घेऊन दोघेजण. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. लेकीकडे बघून त्या नीट, एकेक अक्षर तोलून म्हणाल्या, "आलीस? ये. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

लेकीनं हंबरडाच फोडला. आईच्या गळ्यात पडली, बापाच्या गळ्यात पडली, स्ट्रेचरवाल्यांच्याही पडायची ती राहिलीच. "मी मूर्ख आहे, बाबा! तुम्ही बरोबर होतात. थांबा, गाडी परत पाठवून आले. दहाच मिनिटं. आईला बाहेर खिडकीशी बसवू आपण!" आणि ती धाडधाड जिने उतरून गेली.

काका पलंगाजवळ स्टूल ओढून बसले. किती बोलायचं साठलं होतं! सुरुवात कुठून करावी कळेना. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. उजवा. गरम होता, आणि घट्ट.

"अगं," ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तू काही परत येत नाहीस."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मान थोडी तिरकी केली, नवीन जागा बघावी तशी.

"ती कुठे आलीय?" त्या म्हणाल्या.

"कोण ती?"

"तुमची बायको. सात महिने दार अडवून बसली होती. रात्र नाही, दिवस नाही. सोळा जागी एकटीच उभी राहायची बिचारी, मी बाहेर पडू नये म्हणून." उजवी बाजू हसली. "मोठी चिवट. तुम्ही तिच्या खुर्चीत बसला नसतात, तर माझं काही खरं नव्हतं."

काकांनी हात ओढला. सुटेना. मग सुटला, तोही समोरच्यानं सोडला म्हणून. ते धडपडत उठले, भिंत धरत बाहेरच्या खोलीत आले. काळ्याच्या खुर्चीपाशी जाऊन बैठकीवर तळवा ठेवला. आता तिथे ऊब नव्हती. "अगं..." ते म्हणाले. "अगं, मी काय करून बसलो हे... मला कसं कळणार होतं... तू सांगायचं तरी!" आणि सांगता सांगता त्यांना आठवलं की तिनं सांगितलं होतं. दोन्ही हातांनी मनगट धरून सांगितलं होतं. म्हातारा त्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर कपाळ आपटून रडला.

मान वर केली तेव्हा त्यांना पट दिसला. पांढऱ्या सोंगट्या काल होत्या तिथेच. काळी एकही नव्हती.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर त्या रांगेत उभ्या होत्या. एकीला एक चिकटून, अगदी काटेकोर, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. काकांनी श्वास रोखून मोजल्या. पंधरा. मधे एका सोंगटीएवढी फट.

त्यांनी खिशात हात घातला. टेबलाखाली पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, आणि खिडकीखालच्या रुंद, वाहत्या रस्त्याकडे. बोटातलं रफूचं अंगुस्तान काढून ते उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि फटीत ठेवू लागले. ते उभंच राहिना, घरंगळून लांब गेलं.

जिन्यात पावलं वाजली. लेक गाणं गुणगुणत वर येत होती. "बाबा! दार उघडं आहे ना? आईला बाहेर आणायचं ना?"

"वर येऊ नकोस," काका म्हणाले. आवाज फुटलाच नाही.

आत पलंग पुन्हा वाजला. फरशीवर एक पाऊल पडलं, मग दुसरं. काकांनी आपला तळहात त्या फटीवर आडवा धरला. काकूंचा उजवा पाय, सात महिने जमिनीला न लागलेला, उंबऱ्याशी येऊन थांबला. मग त्यानं अंगठ्यानं त्यांचा हात अलगद बाजूला सारला.