न फाडलेल्या पानातली नोंद

ही गोष्ट खरी आहे. इंदुताई शाळामास्तरीण, थापा मारणारी बाई नव्हे.

१९५७ सालचा डिसेंबर. शनिवारची भर दुपार. चिंचवडचं छोटं वाचनालय.

इंदुताईंचं डोकं फिरलं होतं. एम.ए.च्या प्रबंधाची संदर्भसूची पुण्याच्या सरांनी तिसऱ्यांदा परत पाठवली होती. "नुसती नावं काय उतरवता? प्रत्येक पुस्तकात काय आहे, दोन ओळींत लिहा!" सोमवारी सूची दिली नाही, तर वर्ष बुडणार होतं.

एकोणचाळीस पुस्तकं झाली. शेवटचं उरलं, तर त्याची पानं एकमेकांना जोडलेलीच. विकत आणल्यापासून कुणी त्यांच्या घड्या फाडून उघडल्याच नव्हत्या.

"मरू दे!" म्हणत त्यांनी अनुक्रमणिका पाहिली आणि सूचीच्या कार्डावर ठोकून दिलं : 'सखोल विवेचन. उपयुक्त.'

पाणी पिऊन परत आल्या, तर...

ओळ खोडलेली.

खाली बारीक अक्षर. 'वाचलेले नाही. पान ८३ पाहावे.'

शाई अजून ओली होती.

"कोंडाजी! आत कोण आलं होतं?"

पायरीवर बसलेला शिपाई उठला. "कुनी न्हाई, बाई. मी हितंच हाय." मग त्याला ते पुस्तक दिसलं. "त्या कपाटाला हात लावला व्हय? मारुतराव वारल्यापास्नं कुनी लावत न्हाई. न वाचता नोंद केलेली त्यांना खपायची न्हाई."

इंदुताई चिडल्या. मेलेल्या ग्रंथपालानंही आता चुका काढायच्या? त्यांनी नवं कार्ड घेतलं, तेच लिहिलं.

मागची खुर्ची करकरली...

वळून पाहिलं. कुणी नाही.

कार्डावरची ओळ पुन्हा खोडलेली.

केसातला आकडा काढून त्यांनी पान ८३ ची घडी फाडली. ज्या घडीत कुणाचा हात कधी गेलाच नव्हता, तिथं समासात तेच अक्षर होतं.

'इंदुमती : प्रबंध. पाने ११०. पुढे लिहिलेले नाही.'

तेव्हा प्रबंधाचं एक पानही लिहून झालं नव्हतं!

त्या तिथंच बसल्या आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. सूची मंजूर झाली.

आज या गोष्टीला दोन वर्षं झाली. सर वैतागलेत, घरचे टोमणे मारतात. इंदुताईंना स्वतःचाच राग येतो. निष्कर्ष तेवढा राहिलाय, एका पानाचं काम.

दौत उघडतात, आणि पुन्हा बंद करतात.

ते पान एकशे अकरावं आहे.