दोन घरची ठमी

"ही मांजर तुमची नाही," काउंटरमागची मुलगी म्हणाली, आणि शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुमची नाही म्हणजे? गेले तीन महिने रोज संध्याकाळी हिच्यासाठी दूधभात कोण कालवत होतं? आज सकाळी हिचा पुढचा पाय सुजलेला पाहून प्रयोगशाळेतून सुट्टी कोणी घेतली? कपड्यांच्या टोपलीत हिला बसवून, वरून आपली ओढणी बांधून, भुरभुरत्या पावसात सायकलवरून या दवाखान्यात कोणी आणलं?

"तिच्या मानेत चिप आहे," ती मुलगी शांतपणे म्हणाली. वाखनिंगन या डच गावातली माणसं सगळंच शांतपणे सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला अधिकच चीड येते. "मालकांना फोन केलाय. दहा मिनिटांत पोहोचतील."

शलाका रत्नागिरीची. तिच्या गल्लीत मांजरं कुणाचीच नसत, म्हणून ती सगळ्यांची असत. सकाळी कोळणीच्या पाटीपाशी, दुपारी शिंप्याच्या मशीनखाली, संध्याकाळी ज्या घरून तळणीचा वास येईल त्या घरी. त्यांना मालक असतो, त्याचं नाव यंत्रात दिसतं, हे तिच्या गावीही नव्हतं. विद्यापीठात संशोधन करायला येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. सायकल कुठे लावायची, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, सगळं शिकून झालं होतं. मांजराचं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

ती टोपलीवर वाकली आणि तोंडाला येईल ते मराठीत बोलू लागली. "ऐकलंस का ठमे? तुला मालक आहे म्हणे! असला कसला ग बाई तुझा मालक? पावसात बाहेर सोडतो, पोटाला घालत नाही, कान कापलाय कुणीतरी त्याचा पत्ता नाही… येऊ दे तर खरा. असा सोलून काढते की–"

"सोला," मागून आवाज आला. स्वच्छ, पुण्याचा. "पण आधी तिच्या पायाचं बघू या. आणि तिचं नाव एलेनी आहे."

शलाका वळली. दारात एक उंच, चिंब भिजलेला तरुण उभा होता. चष्म्यावर पाण्याचे थेंब, शर्टाची बटणं एकेक घर चुकवून लावलेली… धावत आला असावा. क्षणभर तिला वाटलं, आपण जीभ चावावी. पण राग इतका वर आला होता, की तो आता मागे घेणं शक्य नव्हतं.

"उपाशी असते ती!"

"पथ्यावर आहे ती! मूत्रपिंडाचा आजार आहे तिला. तीन महिने घरी ताटलीला तोंड लावत नाही. दोनदा रक्त तपासून आणलं मी, काळजीने अर्धा झालो. काय घालत होतात तिला?"

"दूधभात… आणि शनिवारच्या बाजारातला बांगडा." तिचा आवाज जरा उतरला. "तळलेला."

त्याने डोळे मिटून घेतले. "मीठ लावून?"

"बिनमिठाचा बांगडा कुणी खातं का?"

काउंटरमागची मुलगी या दोघांकडे पाहत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण भांडण कळायला शब्द कशाला लागतात?

त्याचं नाव विनायक सबनीस. शलाकाच्या घरामागच्या गल्लीत, तीन बागा ओलांडल्या की त्याचं घर. इथे येण्याआधी तो दोन वर्षं ग्रीसमधल्या वोलोस बंदरावर क्रेनच्या सॉफ्टवेअरचं काम करत होता. पायाला पट्टी बांधून होईपर्यंत त्याने सांगितलं, तेही रागारागानेच, की कान कुणी क्रूरपणे कापलेला नाही. तिथे रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली की खूण म्हणून कानाचं टोक काढतात. तिथे बंदरावरच्या खाणावळीत टेबलाखाली मांजरं असायचीच. कुणी माशाचं डोकं टाकायचं, कुणी भांड्यात पाणी ठेवायचं, कुणाची म्हणून विचारायची पद्धत नव्हती. ही एकटी त्याच्यामागून घरापर्यंत यायची. निघताना तिला टाकून येववलं नाही.

"मग रत्नागिरीसारखंच की!" शलाका म्हणाली.

"तिथे. इथे नाही. इथे मांजर रस्त्यावर दिसली तरी बहुतेक वेळा ती कुणाची तरी असते. फिरायला निघालेली असते. इथे विचारल्याशिवाय खायला घालत नाहीत."

"उपाशी जीवाला विचारायचं कसलं?"

"ती उपाशी नव्हती!"

तेवढ्यात त्याने निळं पुस्तक काउंटरवर ठेवलं. मांजरीचा पासपोर्ट. शलाका त्याकडे पाहतच राहिली. तिच्या व्हिसाला चौदा आठवडे लागले होते, जन्माच्या दाखल्यावर चार शिक्के मारून आणावे लागले होते, आणि ही बया एक सुई टोचून घेऊन विमानाने आली होती! त्या दिवशी ती घरी गेली ती धुसफुसतच.

दोन दिवसांनी ठमी खिडकीशी हजर. गळ्यात कागदाची पट्टी. इथली एक रीत आहे: अनोळखी मांजर घरी येऊ लागली, की 'ही तुमची आहे का?' असं लिहून तिच्या गळ्यात पट्टी अडकवायची आणि उत्तराची वाट बघायची. विनायकने रीत उलटी फिरवली होती. पट्टीवर बारीक मराठी अक्षरांत लिहिलं होतं, 'कृपया मला काहीही देऊ नका. बांगडा तर नाहीच.'

शलाकाने तिथल्या तिथे मागच्या बाजूला लिहिलं, 'मग मला पावसात बाहेर सोडू नका.'

दुसऱ्या दिवशी: 'माझ्या दाराला झडप आहे. मी हवी तेव्हा आत येऊ शकते. येत नाही, कारण पलीकडच्या घरी लाड होतात.'

'लाड करणं इथे गुन्हा आहे का?'

'नाही. पण वजन करून करावेत. सकाळी तीस ग्रॅम, संध्याकाळी तीस. डबा रविवारी आणून देतो.'

रविवारी चार वाजता तो खरोखरच आला. पथ्याच्या खाण्याचा डबा, छोटा तराजू, आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. शलाकाने त्याला आत बोलावलं ते निव्वळ भांडण पुरं करायला. पण भांडणाला चहा लागतो, चहाबरोबर काहीतरी खायला लागतं… त्याने तिच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाला, "जरा कमी तिखट चाललं असतं."

"पथ्यावर तुम्हीपण आहात का?"

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो वर सारायला विसरायचा. हे तिच्या लक्षात यायला नको होतं. आलं.

मग प्रत्येक रविवारी चार वाजता ती दोन कपांचं आधण ठेवू लागली. तो ठमीला एलेनी म्हणायचा, ती एलेनीला ठमी म्हणायची, आणि मांजर दोन्ही नावांना सारखीच दाद द्यायची, म्हणजे अजिबात नाही. सुजलेला पाय बरा झाला. ती दोन्ही घरी पथ्याचं खाऊ लागली. शलाका तराजूवर तीस म्हणजे तीसच ग्रॅम मोजायची आणि दरवेळी पुटपुटायची, "काय ही उपासमार!"

जूनच्या शेवटी एका रविवारी त्याने पोह्यांना नावं ठेवली नाहीत. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

"आइंडहोवनला नवी नोकरी मिळतेय," तो कपाकडे बघत म्हणाला. "एक ऑगस्टपासून. कंपनी घरही देते आहे. सहाव्या मजल्यावर."

"सहाव्या मजल्यावर?" शलाका ताडकन उठली. "बंदरावर वाढलेली मांजर सहाव्या मजल्यावर कोंडणार तुम्ही? ना बाग, ना भिंत, ना… ना खिडकी कुणाची! झडप कुठे लावणार, हवेत?"

"तोच विचार करतोय…"

"विचार कसला! मला उपदेश करत होतात तेव्हा बरा विचार होता!"

तो कप ओट्यावर ठेवून निघून गेला. आठवडाभर तिचं प्रयोगशाळेत लक्ष लागेना. आपण नेमक्या कशावर चिडलो आहोत, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर द्यावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा हातात डबा नव्हता. निळं पुस्तक होतं. दारातच त्याने पहिलं पान उघडून ते तिच्या हातात दिलं. मालकाच्या दोन जागा होत्या. पहिल्यात त्याचं नाव. दुसऱ्यात, त्याच बारीक अक्षरांत: शलाका केळकर.

"तुमचं बरोबर आहे. तिला इथेच राहू दे. चिपवरचा पत्ताही बदलून टाकतो. आता ती तुमची."

इतके दिवस जे तिला हवं होतं, ते कागदावर लिहून समोर आलं होतं. आणि शलाकाचे डोळे भरून आले… रागाने. हो, रागानेच.

"मला नकोय मांजर!"

"म्हणजे?"

"म्हणजे हवीय! पण अशी नाही. जाणारा माणूस घरातल्या कुंड्या वाटतो तशी मांजर वाटायला निघालात? चिपवरचा पत्ता बदलाल, पासपोर्टावर नाव लिहाल. आणि दर रविवारी चार वाजता मी दोन कपांचं आधण ठेवते, ते कुणाच्या नावावर करून जाणार आहात?"

विनायकचा चष्मा घसरला होता. तो वर न सारता तिच्याकडे पाहत राहिला. तिने पुस्तक त्याच्या हातात कोंबलं आणि दार लावून घेतलं.

सोमवारी ठमी आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी शलाकाने तराजूवर तीस ग्रॅम मोजून ठेवले, ते तसेच पडून राहिले. नेलं असेल तिला, तिने स्वतःला सांगितलं. बरोबरच आहे. त्याची होती, घेऊन गेला. सहाव्या मजल्यावर बसून खाली बघत असेल बिचारी. ओट्यावरचा दुसरा कप तिने मागे, डब्यांच्या आड सारला.

गुरुवारी संध्याकाळी पाऊस भुरभुरत असताना खिडकीवर पंजा वाजला.

ठमी! भिजलेली, संतापलेली, गळ्यात कागदाची पट्टी. शलाकाच्या बोटांना गाठ सुटेना. अक्षरं थोडी ओघळली होती, पण वाचता येत होती.

'उत्तर सापडेपर्यंत हिची झडप बंद ठेवली होती, माफी. नोकरी घेतली, घर घेतलं नाही. इथून बस, मग आगगाडी. जायला पावणेदोन तास, यायला तितकेच. चालेल. रविवारचा चहा माझ्याच नावावर राहू दे. बाकीचे सहा दिवसही मागावेत असं फार मनात आहे. या देशात विचारल्याशिवाय खायला घालत नाहीत, म्हणून विचारतो. आज जेवायला येऊ का? तिखट चालेल.'

तिने पट्टी उलटी केली, पेन शोधलं, उत्तर लिहिलं, आणि ठमीला दाराशी नेऊन ठेवलं. "जा, देऊन ये."

ठमी आत आली, पायपुसणीवर बसली आणि पंजा चाटू लागली. उत्तरं पोहोचवण्यात तिला रस नव्हता. शलाकाने छत्री उचलली, मागचं फाटक उघडलं…

तो फाटकातच उभा होता. किती वेळ, कोण जाणे. केस कपाळाला चिकटलेले. दोघांच्या मध्ये एका हाताचं अंतर आणि तिरका पाऊस.

"उत्तराची वाट बघतोय," तो म्हणाला.

"असं भिजत?"

"विचारल्याशिवाय आत कसं–"

"आमच्याकडे दारात आलेल्याला विचारत नाहीत." तिने छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि तिचा स्वर अजून रागीटच होता, पण छत्रीची मूठ धरलेल्या तिच्या हातावर त्याने हात ठेवला, तेव्हा तिने आपला हात काढून घेतला नाही. "ये आत. पान वाढते."

त्या संध्याकाळी दोन पानांवर तळलेला बांगडा वाढला गेला, मीठ-तिखट लावून. ठमीपुढे विनायकने तराजूवर मोजून तीस ग्रॅम ठेवले. तिने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा बांगड्याकडे, मग त्या दोघांकडे. मग शेपटी फुगवून त्यांच्याकडे पाठ करून बसली.

त्या घरात रागावलेली आता ती एकटीच होती.