ढब्बूचा बोलका पट्टा

जुई गळ्यात पडायला गेली आणि ढब्बू तिच्यावर गुरगुरला. सात वर्षांत पहिल्यांदाच. त्याच वेळी त्याच्या गळ्यातला पट्टा अदबीनं म्हणाला, "मी मजेत आहे."

ही गोष्ट अजून घडायची आहे. तेव्हा घरोघरच्या कुत्र्यांना असे बोलके पट्टे असतील. भुंकण्याचा सूर, शेपटीची हालचाल आणि नाडीचे ठोके टिपून पट्टा कुत्र्याच्या मनातलं सांगेल. म्हणजे पट्ट्याच्या मते ढब्बू ठणठणीत होता. मग गुरगुरला का?

"माजलाय, दुसरं काय!" चहा गार करून पीत बाबा म्हणाले. आठवडाभर त्यांचंही डोकं तापलेलंच होतं. "चावरं कुत्रं घरात नको. रविवारी मळ्यावर सोडून येतो."

रविवार दोनच दिवसांवर होता. जुईनं लगेच वासंतीआत्याला बोलावून घेतलं, कारण पट्टा आत्यानंच बनवला होता.

आत्यानं पट्ट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ढब्बूपुढे बसली आणि तिनं नाक मुरडलं. "तोंडाला हा वास कधीपासून येतोय?"

"कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच ना?"

"इतका नाही. भाकरी कशी खातो?"

जुईनं आठवून पाहिलं. "मान वाकडी करून, एकाच बाजूनं. कडक तुकडा तर टाकूनच देतो."

आत्यानं हळूच ढब्बूचा ओठ वर केला. मागच्या दाढेवर तपकिरी कवच होतं आणि हिरडी लालबुंद झाली होती.

"दातांवर जंतू जमतात, त्यांचा प्लाक (मऊ, चिकट थर) होतो," आत्या म्हणाली. "तो लगेच घासला तर निघतो. नाहीतर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि काही दिवसांत त्याचं कीटण (दगडासारखा टणक थर) होतं. मग जंतू हिरडीखाली शिरतात, दाढ खिळखिळी करतात. तू गळ्यात पडलीस तेव्हा नेमका तोच गाल दाबला गेला."

"म्हणजे पट्टा खोटं बोलला?"

"नाही गं. ढब्बूनं दाखवलं तेच तो बोलला. रानात ज्याचं दुखणं दिसतं त्याची धडगत नसते. म्हणून कुत्र्यांचे पूर्वज दुखणं लपवायचे. ती सवय अजून सुटलेली नाही. चूक माझी आहे. त्याच्या तोंडाकडे लक्ष द्यायला मी पट्ट्याला शिकवलंच नाही."

जुईला रडू फुटलं. इतके दिवस ढब्बू ठणका सोसत तिच्यापुढे शेपूट हलवत होता.

शनिवारी प्राण्यांच्या डॉक्टरांनी ढब्बूला भूल देऊन कीटण काढलं आणि ती दाढही उपटली. आता जुई रोज बोटात मऊ ब्रश घालून त्याचे दात घासते. पेस्ट कुत्र्यांची वेगळी. त्यांना चूळ भरता येत नाही, सगळी पोटात जाते, म्हणून माणसांची चालत नाही. गालाला गाल लावला तरी ढब्बू गुरगुरत नाही. बाबांनीही मळ्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

पंधरा दिवसांनी आत्या नवा पट्टा घेऊन आली. कोणत्या बाजूनं किती वेळा चावलं, हे तो मोजत होता.

"पुढे मांजरं, मग गाई-म्हशी," ती म्हणाली. "ज्यांना बोलता येत नाही, त्या सगळ्यांसाठी."

"आणि ज्यांना येतं त्यांचं काय?" जुईनं हळूच विचारलं.

समोर बाबा चहात भिजवलेली चकली मान वाकडी करून एकाच बाजूनं चावत होते. दोघी आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्यांनी गालावरचा हात झटकन काढला.

"मला काय धाड भरलीय? मी मजेत आहे."

"दादा," आत्या उठत म्हणाली, "आ कर."